एकविसाव्या पानावरचा शिक्का

तारीख १४ जुलै २००७, शनिवार. रक्कम एकसष्ट हजार चारशे चाळीस रुपये. हजर: वाचनालयाचे अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार म्हणून मी, आणि ज्यांच्याकडून ही रक्कम वसूल करायची होती त्या ग्रंथपाल बाई. खुर्च्या तीनच होत्या. बाई कपाटाला टेकून उभ्या होत्या.

बिबवेवाडीतलं आमचं वाचनालय त्या महिन्यात बंद व्हायचं होतं, म्हणून चिटणिसांनी पुस्तकांची मोजदाद करून घेतली होती. वाचनालयात आलेलं प्रत्येक पुस्तक क्रमांक घालून दाखलनोंद वहीत लिहितात. त्या वहीत जेवढी पुस्तकं होती त्यापेक्षा कपाटांत १,५३६ कमी भरली. अध्यक्षांनी मला विचारलं, "सरासरी किंमत काय धरायची?" मी म्हणालो, "चाळीस रुपये." कोणी आकडा विचारला की मी देतो, ही माझी जुनी सवय. कशासाठी विचारतोय हे आधी विचारण्याची सवय मला नाही. एकसष्ट हजार चारशे चाळीस हा आकडा असा माझ्याच तोंडून निघाला.

"आणि बाईंचं आपण किती देणं लागतो?"

"चोवीस हजार तीनशे."

नोकरीच्या प्रत्येक वर्षामागे अर्ध्या महिन्याचा पगार निवृत्तीच्या वेळी द्यायचा, असा कार्यकारिणीचा जुना ठराव होता. पगार अठराशे, नोकरी एकवीस वर्षं, म्हणजे अठरा हजार नऊशे. त्यात तीन महिन्यांचा थकलेला पगार पाच हजार चारशे.

अध्यक्षांनी डोळे मिटले. ते निवृत्त प्राध्यापक. विचार करताना डोळे मिटायची त्यांची पद्धत होती, आणि भाषणातही ते तसंच करत. "मग ते चोवीस हजार वळते करून घेऊ," ते म्हणाले. "उरलेले सदतीस हजार माफ. काय, चिटणीस? बाई आपल्याच आहेत."

बाई आपल्याच आहेत हे मी त्या खोलीत आठ वर्षं ऐकत होतो. पगारवाढीचा विषय निघाला की हमखास ऐकू यायचं.

बाई म्हणाल्या, "सर, ती पुस्तकं कुठे गेली ते तुम्हाला माहीत आहे."

"माहीत असतं तर मोजायला माणसं कशाला लावली असती?"

चिटणीस हसले. बाईंनी खिडकीत वाळत घातलेली छत्री मिटली आणि त्या जिना उतरून गेल्या. त्यांच्या मुलीला डिप्लोमाला कॉम्प्युटरची जागा मिळाली होती. फी बावीस हजार, भरायची शेवटची तारीख दहा ऑगस्ट. हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं, कारण पैसे जरा लवकर मिळाले तर बरं, असा अर्ज त्यांनी महिनाभर आधीच दिला होता. तो अर्ज माझ्या फायलीत होता.

या वाचनालयाला संस्था म्हणायची पद्धत होती, म्हणून तिचा इतिहास सांगतो. फार नाही.

वाचनालय निघालं १९८६ साली. बिबवेवाडीत शेतं संपून प्लॉट पडत होते, आणि त्यांवर आमच्यासारख्या पगारदारांचे दोन-दोन खोल्यांचे ब्लॉक उठत होते. जागा दिली एका शेतकऱ्याने. त्याची जमीन सोसायट्यांखाली गेली होती. गोठा रिकामा पडला होता आणि त्यावर एक माडी होती. भाडं वर्षाला एक रुपया. अट एकच, आणि ती त्याने उद्घाटनाच्या दिवशीच सर्वांदेखत सांगितली. "सकाळचा पेपर आधी माझ्याकडं यायचा. मग तुमी वाचा, नायतर वारा घाला." एकवीस वर्षांत या संस्थेत दिलेला शब्द फक्त त्याने पाळला. रोज आठ वाजता खाली ओट्यावर पेपर वाचायचा आणि नीट घडी घालून वर पाठवायचा.

सभासद मात्र आमच्यासारखे सुशिक्षित होते. त्यांची करणी मी पुढे खजिनदार म्हणून जवळून पाहिली. एक निवृत्त गृहस्थ प्रत्येक पुस्तकातल्या छपाईच्या चुका बॉलपेनने दुरुस्त करत आणि समासात सही करत. शब्दकोडं कापून नेणारे तिघे होते. तिघेही एकमेकांची तक्रार करायला यायचे. एका महाभागाने रहस्यकथांच्या पहिल्याच पानावर "खुनी: मेहुणा", "खुनी: डॉक्टर" असं सुवाच्य अक्षरात लिहून ठेवलं होतं. तो कोण हे शेवटपर्यंत कळलं नाही, पण अक्षर चांगल्या शाळेतलं होतं. दिवाळी अंकांसाठी याच माणसांनी जिन्यावर एकमेकांना कोपरं मारलेली मी पाहिली आहेत. इतर दहा महिने मात्र "हल्ली वाचायला वेळ कुठे मिळतो" हे सांगायला त्यांच्याकडे भरपूर वेळ असे.

मग घरोघरी केबल आली, आणि जिन्यावरची गर्दी आपोआप ओसरली. त्यामागून मुलांचे कॉम्प्युटर कोर्स आले. मुलगा अमेरिकेला गेला की बाप आधी फ्रीज बदलायचा, मग सोफा, आणि सोफ्याला जागा करायची म्हणून पुस्तकं वाचनालयाला भेट द्यायचा. भेट देताना कपाटावर आपल्या नावाची पाटी हवी असे. एका भेटीत मला रेल्वेची कालबाह्य वेळापत्रकं, विजेची बिलं आणि एका लग्नाची तीस निमंत्रणपत्रं मिळाली. पाटी लावावी लागलीच. पुढे ब्लॉक विकले गेले किंवा भाड्याने गेले, आणि सॉफ्टवेअरमधली पोरं राहायला आली. त्यांतला एखादा वर डोकावायचा. "काका, एसी नाहीये का? सीटिंग किती आहे?" पुस्तकांबद्दल ती विचारत नसत. यात मला निदान प्रामाणिकपणा दिसे.

हे सगळं चालू असताना बाई रोज सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते आठ टेबलामागे बसत. लागल्या तेव्हा पगार दीडशे होता. पुस्तकाला खाकी कव्हर घालणं, पाठीवर क्रमांक चिकटवणं, वहीत नोंद करणं, झाडू मारणं, ही सगळी त्यांचीच कामं. शिक्क्याचाही एक नियम होता. वाचनालयाचा शिक्का पुस्तकाच्या पहिल्या पानावर मारायचा आणि आत एका ठरलेल्या पानावर पुन्हा मारायचा, म्हणजे कोणी पहिलं पान फाडलं तरी पुस्तक ओळखता यावं. त्या पानाला गुप्त पान म्हणायचं. आमचं गुप्त पान एकविसावं होतं. पहिल्या महिन्यातच ते सर्व सभासदांना माहीत झालं, तरी बाई शिक्का मारत राहिल्या आणि त्याखाली दाखल क्रमांक लिहीत राहिल्या.

१४ जुलैच्या सभेनंतरच्या रविवारी मी चिटणिसांनी दिलेली हरवलेल्या पुस्तकांची यादी घेऊन बसलो. बाईंची बाजू घ्यायला बसलो असं म्हणणं खोटं ठरेल. इतिवृत्ताला यादी जोडायची होती आणि बेरीज तपासायची होती. बेरीज बरोबर आली. मग क्रमांकांकडे लक्ष गेलं. पहिला हरवलेला क्रमांक ३४६६, दुसरा ३४६७, तिसरा ३४६८. मी शेवटचं पान काढलं. शेवटचा ५००१. मध्ये एकही सुटलेला नव्हता.

सभासद पुस्तकं ढापतात, पण रांगेने ढापत नाहीत. आणि त्यांनी ढापलेली पुस्तकं बाई दर मार्चला वेगळी काढत, अनामत रकमेतून किंमत वजा करत आणि लाल शाईने निकालात काढत. ती यादीत नव्हतीच.

५००१ हा आकडा पाहून मात्र मला आठवलं.

१९९६ साली आमच्या वाचनालयाचा वर्ग वाढवायचा होता. सरकार वाचनालयांना वर्ग देतं, आणि वर्गाप्रमाणे अनुदान. आम्ही 'क' वर्गात होतो. 'ब' मिळायला पाच हजारांवर पुस्तकं लागत आणि आमच्या वहीत होती ३,४६५. तेव्हा मी कार्यकारिणीवर नव्हतो, साधा सभासद होतो. अध्यक्ष घरी आले आणि म्हणाले, "संस्थेसाठी चार दिवस तुमची पुस्तकं द्या. तपासणी झाली की परत." मी चव्वेचाळीस पुस्तकं दोन गठ्ठ्यांत बांधून स्कूटरवरून पोचवली. इतरांनीही दिली. अध्यक्ष आणि चिटणिसांनी टेम्पो भरून दिली, कारण दोघांना घरात मोठं कपाट असण्याची हौस होती. तपासणीस आले, मोजून गेले, आठवड्याने आमची पुस्तकं आम्हाला परत मिळाली. वाचनालय 'ब' वर्गात गेलं. अध्यक्षांचा सत्कार झाला. तीन हजार चारशे पासष्टवर पंधराशे छत्तीस. सरकारला फसवतानाही वर एक ठेवला होता, आहेराच्या पाकिटात ठेवतात तसा.

मी उठून माझ्या कपाटातलं एक जुनं पुस्तक काढलं. पहिलं पान कोरं होतं. तिथे तेव्हा शिक्का मारलेली नुसती चिठ्ठी डकवली होती, आणि परत देताना पाणी लावून काढली होती. ही शक्कल चिटणिसांची. मग एकविसावं पान उघडलं. वाचनालयाचा जांभळा शिक्का, थोडा फिका झालेला, आणि त्याखाली बाईंच्या अक्षरात: ३९१२.

बाकीची त्रेचाळीस काढली. सगळ्यांवर शिक्का होता. अकरा वर्षं ही पुस्तकं माझ्या घरात होती, आणि मी एकही उघडलं नव्हतं. सभासदांबद्दल वर जे लिहिलं आहे ते हे लक्षात ठेवून वाचावं.

सोमवारी संध्याकाळी कारखान्यातल्या माझ्या हिशेबखात्यातून परस्पर वाचनालयात गेलो. बाई पुस्तकं सुतळीने बांधत होत्या. मी पुस्तक उघडून त्यांच्यासमोर ठेवलं.

त्यांनी चष्मा वर करून पाहिलं. "तुमचं आहे ते. परत नेलंत तेव्हा मीच मोजून दिलं होतं."

"मग एकविसाव्या पानावर शिक्का कशाला मारलात? चार दिवसांसाठी आणली होती ना?"

"मला कोणी सांगितलं नव्हतं मारू नका म्हणून. सर म्हणाले, वहीत चढवा. वहीत चढवलं की शिक्का मारायचा. पहिलं पान सोडा म्हणाले, ते सोडलं."

"दर मार्चला मोजता तेव्हा ही कुठे दाखवायचात?"

"चिटणीस म्हणायचे, सभासदांकडे दाखवा. दाखवली."

चारशे दहा सभासद. एकाला एका वेळी एक पुस्तक. आणि वर्षानुवर्षं पंधराशे छत्तीस पुस्तकं सभासदांकडे. मार्चच्या त्या मोजणीच्या कागदावर आठ वर्षं खालच्या कोपऱ्यात माझी सही आहे. कारखान्यात मी वॉशरमागे तीन पैशांचा फरक काढतो आणि त्याबद्दल लोक मला भितात.

"शनिवारी बोलला का नाहीत?" मी विचारलं.

"काय बोलू? वही माझ्या हातची आहे. त्यांचं एक अक्षर नाही तिच्यात. मी बोलले तर ते म्हणतील, खोट्या नोंदी बाईंनी केल्या." त्यांनी सुतळीची गाठ दाताने आवळली. "आणि मी करणार नाही असं म्हणाले असते, तर शहाण्णव सालीच घरी बसले असते."

मी म्हणालो, "पाहतो."

"पाहा," त्या म्हणाल्या. "दहा तारखेपर्यंत पाहा म्हणजे झालं."

बाईंचे पैसे अडवण्याचं कारण मला ठाऊक होतं, कारण बँकेचं पासबुक माझ्याकडेच होतं. शिल्लक एकतीस हजार सहाशे पंधरा. जागामालकाचे मुलगे ती माडी पाडून इमारत बांधत होते आणि तिच्यात संस्थेला एक हॉल मिळणार होता. त्या हॉलमध्ये अभ्यासिका काढायची. विदर्भातून स्पर्धा परीक्षांसाठी आलेली मुलं स्वतःची पुस्तकं स्वतः आणतात आणि बारा तास खुर्ची सोडत नाहीत. त्यांच्याविषयी माझी काही तक्रार नाही, वाचणारी माणसं मी इतक्या वर्षांत तीच पाहिली. चाळीस खुर्च्या, महिना पाचशे रुपये, दोन एसी. एसीवाल्याला पंचवीस हजार आगाऊ द्यायचे होते. चोवीस हजार तीनशे बाईंना दिले की सात हजार उरत. पुस्तकं हरवली की एसी येत होता, इतकं ते सरळ होतं.

दुसरी सभा २८ जुलैला अध्यक्षांच्या घरी झाली, कारण वाचनालयाचा जिना तोपर्यंत उतरवला होता. मी दोन कापडी पिशव्या घेऊन गेलो आणि चव्वेचाळीस पुस्तकं टीपॉयवर रचली.

"हे काय?" अध्यक्ष म्हणाले.

"हरवलेल्यांतली चव्वेचाळीस सापडली. माझ्या घरी."

चिटणीस म्हणाले, "तुमच्या घरी? अरे वा. मग बाईंवर नको, तुमच्यावर लावायला हवी वसुली."

"लावा. चव्वेचाळीस गुणिले चाळीस, सतराशे साठ. चेकबुक आणलंय. आता उरलेल्या चौदाशे ब्याण्णवांचं पाहू."

अध्यक्षांच्या पाठीमागे भिंतभर काचेचं कपाट होतं. जाड जाड चरित्रं, संच, सोनेरी अक्षरांच्या पाठी. त्यांच्या सौभाग्यवती पोह्यांच्या बशा घेऊन आल्या होत्या. मी त्यांना म्हणालो, "वहिनी, त्या निळ्या संचातला एक खंड पाहायला मिळेल का?"

"थांबा, किल्ली आणते," त्या म्हणाल्या. "हे कोणाला हात लावू देत नाहीत हो. मलासुद्धा धूळ पुसायची असली की विचारावं लागतं."

अध्यक्ष म्हणाले, "अगं, राहू दे, सभा चाललीय."

पण त्या किल्ली आणायला गेल्याही होत्या. खंड माझ्या हातात आला. पानं एकमेकांना चिकटलेली होती. एकविसावं पान नखाने सोडवावं लागलं. शिक्का अगदी ताजा वाटत होता, कारण त्याला कधी उजेडच लागला नव्हता. खाली ४२०७.

मी खंड उघडाच पोह्यांच्या बशीशेजारी ठेवला. वहिनींनी वाकून पाहिलं आणि नवऱ्याला विचारलं, "हे वाचनालयाचं आहे?" अध्यक्ष बशीतले पोहे चिवडू लागले, तेव्हा त्या आत गेल्या.

चिटणीस सरकारी कचेरीत तीस वर्षं काढलेले. ते घाबरले नाहीत. आवाज खाली आणून समजूत घालू लागले. "अहो खजिनदार, तुम्ही असं लहान मुलासारखं काय करता? ही पुस्तकं आमची स्वतःची. पावत्या आहेत. वाचनालयाची ती कधी नव्हतीच."

"मग ती हरवली कशी?"

त्यांनी पोह्यांत चमचा घातला.

"तुमची असतील तर ती हरवलेली नाहीत, बाईंकडून काही येणं नाही. वाचनालयाची असतील तर ती इथे या कपाटात आहेत, तरीही बाईंकडून काही येणं नाही. दोन्हींपैकी कुठलं लिहायचं ते सांगा, मी इतिवृत्तात लिहितो. अक्षर माझं असेल यावेळी."

"तुम्हीही दिली होतीत तेव्हा," अध्यक्ष म्हणाले.

"दिली होती. चव्वेचाळीस. समोर आहेत."

अध्यक्षांनी डोळे मिटले. या माणसाने दर वर्षी वर्धापनदिनाला वाचनसंस्कृतीवर पाऊण तास भाषण केलेलं मी ऐकलं होतं. ग्रंथांच्या सहवासात माणूस कसा मोठा होतो, वगैरे. ग्रंथांचा सहवास त्यांना भरपूर होता, काचेतून. आताही ते पुस्तकांचा विचार करत नव्हते आणि बाईंचा तर नव्हतेच. सोपी वाट शोधत होते, आणि ती त्यांना सापडली.

"वाळवी," ते म्हणाले.

"काय?"

"माडी जुनी. खाली गोठा. ओल. १,५३६ पुस्तकं वाळवीने खाल्ली, म्हणून नोंदवहीतून कमी करण्यात येत आहेत. काय, चिटणीस?"

"उत्तम," चिटणीस म्हणाले. "असं सगळीकडेच करतात."

"चौदाशे ब्याण्णव," मी म्हणालो. "चव्वेचाळीस मी परत दिली आहेत. ती वाळवीने खाल्लेली नाहीत."

"बरं, चौदाशे ब्याण्णव. झालं समाधान?"

"बाईंचा चेक आज लिहायचा. तुमच्या दोघांच्या सह्या आधी, मग ठरावावर माझी."

"आणि एसी?"

"पंखे आहेत."

चिटणिसांनी पोहे संपवले आणि सही केली. अध्यक्षांनी पेन शोधायला बराच वेळ घेतला. मग मी ठरावावर सही केली. १,४९२ पुस्तकं वाळवीने खाल्ली असं मी लिहिलं, आणि ते लिहिताना माझ्यासमोर त्यांतली निदान चारशे काचेआड झळकत होती. मी ते लिहायला नको होतं. खरं लिहून चौकशी लावली असती, तर ती दहा ऑगस्टच्या आत आटोपली नसती, आणि वही बाईंच्या अक्षरात होती. एवढंच मी स्वतःला सांगतो. अध्यक्षांचा मला तिटकारा आला होता हे खरं, पण त्या कागदावर सही करणाऱ्या तिघांत मी आहे, त्यामुळे त्याचं फार काही करता येत नाही.

त्या आठवड्यात बाईंनी वहीत ३४६६ पासून ५००१ पर्यंत लाल रेघ ओढली. प्रत्येक ओळीसमोर "वाळवी" असं लिहिणं भाग होतं. चौदाशे ब्याण्णव वेळा त्यांनी लिहिलं. माझ्या चव्वेचाळीस ओळी सोडल्या आणि त्यांच्यासमोर परत आल्याची तारीख घातली. या माणसांनी त्या वहीत त्यांच्याकडून लिहून घेतलेलं हे दुसरं खोटं, आणि पहिल्याइतकंच नीटनेटकं.

खरी पुस्तकं पोत्यांत भरून इमारत उभी राहीपर्यंत कोणाच्या तरी पार्किंगमध्ये ठेवली होती. नवा हॉल मिळाल्यावर चाळीस खुर्च्या बसल्या आणि पोती आत मावेनात. दोन पावसाळे त्यांनी पार्किंगमध्येच काढले, तेव्हा कुठे त्यांना खरोखर वाळवी लागली. माझी चव्वेचाळीसही त्यांत गेली. जागामालकाचा पेपर बंद झाला. त्याने एकदा रस्त्यात मला विचारलं, "तुमचं ते वाचनालय हाय का अजून?" मी म्हणालो, "आहे की, अभ्यासिका झालीय." तो म्हणाला, "म्हंजी न्हाई."

तारीख ३० जुलै २००७, सोमवार. स्थळ रिकामी माडी; मागच्या बाजूने शिडी लावून वर जावं लागलं. दिले: चोवीस हजार तीनशे रुपये, चेकने, ग्रंथपाल बाईंना, पूर्ण आणि अखेर. पावतीला एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट लागतं. ते अध्यक्षांनी पाठवलं नव्हतं, चिटणिसांनी पाठवलं नव्हतं, आणि मी विसरलो होतो. बाईंनी पर्समधून काढलं, पावतीवर लावलं आणि त्यावर सही केली. मी खिशातून एक रुपया काढून त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो घेतला.